चापावरचे बोट

दिवाळीत कामथडीच्या एका अंगणात चार मुले टिकल्यांच्या पिस्तुलांनी खेळत होती. एक चोर, बाकीचे पोलीस. चोर सापडला, त्याने हात वर केले. तरीही टिकल्या फुटल्याच. "अरे, तो शरण आला होता ना?" असे विचारल्यावर एकजण म्हणाला, "मग काय झालं? एन्काउंटर आहे!"

मुले बिचारी काय करणार? जे पडद्यावर पाहिले तेच अंगणात आले. पडद्यावर पोलिसाने गुंडाला गोळी घातली की टाळ्या तर आपण मोठी माणसेच वाजवतो. २००४ मध्ये 'अब तक छप्पन' आला. नाना पाटेकरांनी त्यात इन्स्पेक्टर साधू आगाशेची भूमिका केली. चित्रपटाच्या नावातच मेलेल्या माणसांची मोजदाद आहे. त्याआधी १९८३ मध्ये श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून 'अर्धसत्य' आला होता. त्यातला वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारता मारता ठार करतो आणि शेवटी रामा शेट्टीचा गळा नुसत्या हातांनी आवळतो. म्हणजे दोष केवळ शस्त्राचा नाही. पिस्तूल नसले तरी मनातला संताप हातात उतरतोच.

कोणी म्हणेल, "न्यायालयात खटले वर्षानुवर्षे चालतात, गुंड जामिनावर सुटतात, मग पोलिसाने तरी काय करावे?" हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरातले माणूस मारले गेले, त्याला तारखांचा कंटाळा येणारच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरावे लागते, हे ख्रिस्तसभाही मान्य करते. पण वाचवणे वेगळे आणि निकाल लावणे वेगळे. ज्याने पकडले, त्यानेच आरोप ठेवला, त्यानेच शिक्षाही दिली, तर चूक झाल्यावर ती दाखवणार कोण? आणि मेलेल्या माणसाला परत आणणार कोण?

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया 'चकमकीत' मारला गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ती चकमक बनावट असल्याचे मानले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच नियम घालून दिले आहेत: चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास व्हावा, पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत. सिनेमात पिस्तूल पुन्हा कमरेला जाते. कायद्यात मात्र प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो.

कामथडीवरून जाणाऱ्या महामार्गाने दक्षिणेला गेले की सातारा जिल्हा लागतो. तिथल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाक्यावर त्यांच्या हातात फक्त काठी होती. पोलिसांच्या गोळीबारात एक दहशतवादी ठार झाला. तो गोळीबार संरक्षणासाठी होता. दुसऱ्याच्या, कसाबच्या, बंदुकीची नळी ओंबळेंनी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत सापडला. त्याला वकील मिळाला, खटला चालला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी झाली. त्या शिक्षेबद्दल आपले मत काहीही असो, जगासमोर पुरावा मांडता आला, तो ओंबळेंनी नळी धरून ठेवली म्हणून.

गेथशेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली, तीही प्रेमापोटीच. प्रभूने त्याला थांबवले आणि जखमी शत्रूचा कान बरा केला. पेत्र भित्रा नव्हता. पण धैर्य कशात असते, हे त्याला अजून शिकायचे होते. आपल्यालाही शिकायचे आहे.

पुढच्या दिवाळीत मुलांच्या हातून टिकल्यांचे पिस्तूल हिसकावू नका. फक्त चोराने हात वर केले की विचारा, "आता पुढे काय करायचं?" आणि त्यांना उत्तर शोधू द्या. सिनेमा बघताना तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारूया, टाळी वाजवण्याआधी.