बापाने घातलेले वस्त्र

मननासाठी शास्त्रभाग : लूक 15:11-24, कलस्सैकरांस 3:12-14



पवित्र शास्त्रात माणसाच्या कपड्यांची काळजी प्रथम कोणी वाहिली? देवाने. आदाम व हव्वा यांनी अंजिराची पाने जोडून लाज झाकू पाहिली, पण तेवढ्याने भागले नाही. शिक्षा सांगून झाल्यावर, त्यांना बागेबाहेर घालवण्याआधी, परमेश्वराने स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे केली व त्यांच्या अंगावर घातली (उत्पत्ती 3:21). लेकरे चुकली होती खरी, तरी ती उघडी बाहेर जाऊ नयेत ही बापाची चिंता होती.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तोच बाप भेटतो. मुलाचे मनात जुळवून आणलेले बोलणे पुरेही होत नाही, तोच उत्तम झगा आणण्याची आज्ञा होते. आधी हिशेब दे, मग झगा मिळेल, असे बाप म्हणत नाही. उपदेश मागाहून; पांघरूण आधी.

आम्ही ग्वाल्हेरच्या माधवगंजात वाढलो. हे शहर कपड्यांचे मोल जाणणारे. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी येथे तळ दिला, त्यातून लष्कर वसले. मराठी घराणी आली, आणि त्यांच्याबरोबर शिंदेशाही पगडीचा मान आला. तलम कापडाची चंदेरी याच संस्थानातली. 1921 साली जियाजीराव कापड गिरणी निघाली आणि पुढे ‘ग्वालियर सूटिंग’ने शहराचे नाव देशभर नेले. दरबार गेला, गिरणीचा भोंगाही थांबला. पण माणूस कपड्यांवरून तोलण्याची सवय तेवढी राहिली.

अशा शहरात आमच्या बाबांनी, एका शाळामास्तरांनी, दोन शर्टांवर वर्षे काढली; तरी त्यांना गबाळे कोणी पाहिले नाही. शनिवारी रात्री पितळी तांब्यात निखारे घालून ते शर्टाला इस्त्री करीत. पँट घडी घालून गादीखाली जाई, आमच्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लागे. कॉलर विरली की आई ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवी. बाबा म्हणत, “कपडा नवा नसला तरी चालेल, धुतलेला पाहिजे. बटण तुटले तर आजच लाव. उद्यावर ठेवलेले बटण हरवते.” घरातले भांडणही सूर्य मावळण्याआधी मिटवावे, हे आम्ही इफिसकरांस पत्रात वाचण्याआधी त्या सुईदोऱ्यापाशी शिकलो.

पण त्यांचा तिसरा सल्ला सर्वांत मोठा होता : “आपल्या कपड्याने शेजारी बसलेल्याला लाज वाटेल, असे कधी नटू नये.”

एका डिसेंबरात शब्बाथशाळेत येणारा एक टांगेवाल्याचा मुलगा यायचा थांबला. नाताळच्या कार्यक्रमात घालायला त्याच्याकडे धड सदरा नव्हता. आम्हा दोघा भावांच्या शर्टांचे कापड तेव्हा शिंप्याकडे पडले होते. बाबांनी जाऊन सांगितले, “यात तीन बसवा.” पूर्ण बाह्या होत्या त्या अर्ध्या झाल्या. नाताळच्या दिवशी एकाच कापडाचे तीन शर्ट रांगेत उभे राहिले. कोणी विचारले, “मास्तर, हे तिघे भाऊ का?” बाबा म्हणाले, “होय.”

बापाच्या हातचे वस्त्र दोन प्रकारे काम करते. याकोबाने एकट्या योसेफाला झगा दिला, आणि भावाभावांत वैर आले (उत्पत्ती 37). बाबांनी कापड वाटले, आणि परका मुलगा भाऊ झाला. आपल्या मंडळीत कोणते वस्त्र वापरले जात आहे? सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची खुर्ची आणि मळक्या कपड्यातल्याला दाराजवळची जागा, असे होत असेल तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपल्यासाठीच लिहिला आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, नाताळ जवळ येताच एखादे लेकरू गैरहजर राहू लागले तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका. त्याच्या घरी जा. काही द्यायचे असेल तर व्यासपीठावर बोलावून, टाळ्यांत देऊ नका. त्याने लेकरू झाकले जात नाही, पुन्हा उघडे पडते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूने शिकवलेच आहे. आणि आईबापांनो, मुलांसाठी कापड घेताना त्यात आणखी एक शर्ट बसतो का, ते पाहा.

करुणा, ममता, सौम्यता, लीनता, सहनशीलता आणि या सर्वांवर प्रीती, हा पेहराव पौल सांगतो. तो विकत मिळत नाही, तोकडाही होत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर आपली वस्त्रे गमावली आणि आपल्याला तारणाचे वस्त्र दिले. ते अंगावर असताना शेजारचा भाऊ थंडीत कुडकुडत राहिला, तर आपण ते कोणाकडून घेतले हे विसरलो असे होईल.

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला झाकलेस. आम्हांलाही झाकणारे हात दे. आमेन.