सायास कोणाचे?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वजनावरचा जो सल्ला घराघरांत पोचला, तो एका दमात सांगता येतो. कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हा सल्ला गावोगावी नेला. त्याचं नाव ‘विनासायास वेटलॉस’. जिम नको, पावडर नको, खर्च शून्य. अनेकांना त्याचा फायदा झाला आणि ते आनंदाने सांगतातही.

पण ‘फुकट आणि सोपं’ या शब्दांच्या मागून एक निकाल गुपचूप आत येतो. एवढं सोपं असूनही तू करत नाहीस, म्हणजे तू आळशी आहेस. तुझं पोट म्हणजे तुझं चारित्र्य. हा निकाल न्याय्य आहे का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जाऊन बघू. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारा तिशीतला माणूस घ्या. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. ‘भुकेच्या दोन वेळा ओळख’ म्हटलं तर तो विचारेल, कोणत्या आठवड्यातली भूक? शेतकऱ्याचंही तेच. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. उसाला दारं धरायला मध्यरात्री उठायचं, तर जेवण आणि झोप दोन्ही विजेच्या वेळापत्रकावर चालतात.

आणि चालणं? दिवसभर काम, म्हणजे उरते पहाट नाहीतर संध्याकाळ. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यावर अंधारात पाऊण तास चालायला सांगणं, हा तिथे निव्वळ आरोग्याचा सल्ला राहत नाही.

ही झाली बाहेरची अडचण. घरातली याहून अवघड आहे. समजा, मुलाने डाएट सुरू केलं. त्याची वेळ सकाळी दहा आणि संध्याकाळी सात. सातला ताटात गरम भाकरी, उसळ, कोशिंबीर. ही सातची वेळ पाळतं कोण? चुलीसमोर उभी असलेली बाई. मग सासऱ्यांचं साडेआठला, शाळकरी पोरांचं मधेच काहीतरी, नवरा शिफ्टवरून आला की त्याचं. ती स्वतः जेवते दहाला, उरलेलं टाकवत नाही म्हणून थोडं जास्तच. चार महिन्यांनी मुलाचं वजन उतरतं, त्याचा आधी-नंतरचा फोटो स्टेटसला लागतो. तिचं वजन वाढलेलं असतं आणि तोच तिला म्हणतो, “आई, तू जरा कंट्रोल कर ना.” विनासायास कोणासाठी? सायास झालेच, फक्त ते दुसऱ्याच्या खात्यात पडले.

विज्ञान इथे थोडी मदत करतं. २०२२मध्ये चीनमधल्या एका प्रयोगात लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांना वर्षभर सारखंच कमी खायला सांगितलं. त्यातल्या एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या दरम्यानच खायचं होतं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, एकाचं सरासरी आठ किलो, दुसऱ्याचं सुमारे सव्वासहा. संशोधकांच्या हिशेबात हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. म्हणजे घड्याळात जादू नाही. वेळ बांधली की अनेकांना कमी खाणं सोपं जातं, एवढाच तिचा मोठा उपयोग. ज्याला ती वेळ बांधता येत नाही, त्याची वाट बंद होत नाही. जेवल्यावर चालणं तर आपल्याकडे इतकं जुनं आहे की त्याला ‘शतपावली’ हा स्वतंत्र शब्द आहे. ती अंगणातही होते. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.)

मग सगळा दोष परिस्थितीवर ढकलून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. ‘तुझ्या हातात काहीच नाही’ असं म्हणणं हाही माणसाचा अपमानच. इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाच्या नावाने एक विचार ओळखला जातो: जे करायला हवं असं आपण म्हणतो, ते करता येण्याजोगं असलं पाहिजे. याची दुसरी बाजूही खरी. ज्याला जेवढं करता येतं, तेवढी त्याची जबाबदारी. नाइट शिफ्टवाल्याला वडापावाऐवजी डबा नेता येईल. आणि ज्याच्या हातात स्वतःची वेळ आहे, त्याची जबाबदारी स्वतःच्या पोटापाशी संपत नाही.

म्हणून उद्या वजन कमी करायचं ठरवाल, तेव्हा अॅप उघडण्याआधी एक हिशेब करा. माझी वेळ पाळली जावी म्हणून घरात कोणाची वेळ मोडते? संध्याकाळी सातला सगळे एकदमच बसले, भाकऱ्या थापायला दोन हात जास्त लागले, आणि नंतर भांडी तुम्ही घासत असताना आई शेजारणीबरोबर चालून आली, तर जेवणाची वेळ आणि व्यायाम यांची सांगड खऱ्या अर्थाने बसली. काट्यावर ती कदाचित दोघांच्याही वजनात दिसेल.