मीपणा सोडण्याआधी

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. आजोबा देहूच्या पालखीबरोबर चालायचे, नंतर वडील. नामदेव पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं, ही कथा मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकत आलेय. बाबाजी चैतन्यांनी दिलेला ‘रामकृष्णहरी’ मंत्रही स्वप्नातलाच. न दिसणाऱ्याचं बोलणं ऐकू येणं म्हणजे आमच्याकडे भाग्य. त्यामुळे कॉलेज संपता संपता मला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा आजीने आधी देवापुढे साखर ठेवली.

त्या आवाजांत देव नव्हता. एक पुरुषी आवाज माझ्या हालचालींचं वर्णन करायचा. ‘आता ती गाळणं घेतेय. आता साखर घालेल. हिला कधी अंदाज आलाय?’ दुसरा आवाज माझ्या वारलेल्या आत्याचा. पंख्याची घरघर, नळाची धार, असं काही एकसुरी चालू असलं की त्यातून ते हमखास बोलतात. रोज रात्री गोळी घेते, तरी पूर्ण गेलेले नाहीत. आता भिंतीपलीकडच्या रेडिओसारखे ऐकू येतात, एवढंच.

निदान स्किझोफ्रेनियाचं. जगात सुमारे 2 कोटी 40 लाख माणसं हा आजार घेऊन जगतात. आवाज का येतात याची एक महत्त्वाची मांडणी अशी: आपण मनाशी बोलतो, तेव्हा ‘हे माझंच बोलणं’ अशी खूण मेंदू आपोआप ठेवत असतो. ती राहून गेली की स्वतःचंच बोलणं परक्याचं म्हणून कानावर येतं.

हे कळलं तेव्हा मला सांख्यांची तत्त्वं आठवली. बुद्धीनंतर अहंकार, मग मन. कीर्तनात अहंकार शत्रू असतो. सांख्यांकडे मात्र तो अनुभवावर ‘माझं’ म्हणून हक्क सांगणारं, आपलं नेमून दिलेलं काम करणारं तत्त्व आहे. माझ्या आजारात डळमळतं ते हेच काम. मग ‘मीपणा सोड, सगळं शांत होईल’ असं मला सांगणाऱ्यांना मी काय म्हणू? सोडायला ते आधी हातात असावं लागतं. तुकोबांनी विठ्ठलापायी वाहिला तो त्यांचा स्वतःचा मी होता. माझ्याकडून तो न विचारता ओढून घेतला गेला. या दोन्ही गोष्टी एकच मानणं हा संतांवर अन्याय आहे आणि आजारी माणसावरही. माझी साधना उलट्या दिशेची आहे: रोज थोडा थोडा मी परत मिळवायचा.

एका प्रवचनकारांनी डोळे मिटून तासभर साक्षीभावाने बसायला सांगितलं होतं. हेतू चांगला होता, पण त्या शांततेत आवाजांना रान मोकळं मिळालं. मोठ्याने नाम घेतलं की मात्र ते मागे सरतात, कारण तोंड चालू असताना त्यांना जागा कमी मिळते. पाढे म्हटले तरी हेच होतं. पतसंस्थेत खतावणी करताना मी रकमा पुटपुटते, तेव्हाही होतं. यामुळे नामाची थोरवी कमी झाली असं मला वाटत नाही. नाम मी सोबतीसाठी घेते, उपचारासाठी गोळी घेते.

मग देवाचा आवाज ओळखायचा कसा? सॉक्रेटिसलाही लहानपणापासून एक आवाज यायचा. प्लेटोने लिहिलंय की तो फक्त अडवायचा, कधी काही करायला लावायचा नाही. जोन ऑफ आर्कला तिच्या आवाजांवरून धर्मन्यायालयाने पाखंडी ठरवलं, 1431 मध्ये जाळण्यात आलं, आणि 1920 मध्ये चर्चनेच तिला संतपद दिलं. मेंदूचं यंत्र सगळ्यांचं सारखंच असेल, तर आवाज आला कुठून यावर निवाडा होणार नाही. तो काय मागतो आणि नकार ऐकून घेतो का, हे मी बघते. आजार भरात असताना तो पुरुषी आवाज म्हणायचा, ‘भाकरीत विष आहे.’ समोर आई बसलेली, बोटांना पीठ, भाकरी अजून तव्यावर. माझ्या आईला माझी वैरीण करणारा आवाज कोणत्याही देवाचं नाव सांगो, तो देवाचा नव्हे. यावर माझी श्रद्धा आहे.

आत्याचं वेगळं. ती म्हणते, ‘दूध बघ.’ मी म्हणते, ‘हो आत्या,’ आणि गॅस बारीक करते. तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चेन्नईतल्या अनेक रुग्णांना असेच नातेवाईक ऐकू येत होते, घरकाम सांगणारे, रागावणारे. कॅलिफोर्नियातल्यांना मात्र आवाज बहुतेक हल्ल्यासारखे वाटत. ते वाचून मला फार धीर आला.

पण श्रद्धेच्या नावाने काय होऊ शकतं, तेही लिहिलंच पाहिजे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या निवाऱ्यात आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी आहे.

तुमच्या घरात कुणाला आवाज येत असतील तर त्याला देवळात जरूर न्या, दर्ग्यात न्या, वारीला न्या. फक्त त्याची गोळी बंद करू नका, आणि आवाज काय म्हणतात हे त्याला न घाबरता विचारा. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.