पत्त्यात गाव नाही

पार्सलवर पत्ता लिहिताना शेवटच्या ओळीशी माझा हात अजून अडखळतो. नौदलातल्या मुलाचं नाव, त्याचा नंबर, जहाजाचं नाव आणि त्याखाली ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ४००००१’. पत्ता इथेच संपतो. गाव नाही, वॉर्ड नाही, ‘अमक्याच्या दुकानामागे’ असलं काही नाही. जहाज जिथे असेल तिथे ते पार्सल यथावकाश पोचतं, आणि जहाज कुठे आहे हे आपण विचारायचं नसतं. पहिल्या खेपेला पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभा होतो. मागच्या गृहस्थांनी खोक्यावरचा पत्ता वाचला आणि आपुलकीनं विचारलं, “पोरगा मुंबईले आहे काय?” मी हो म्हणालो. तेव्हा तो मुंबईत नव्हता. कुठे होता ते मलाही माहीत नव्हतं. घरी येईपर्यंत ते ‘हो’ मनात सलत राहिलं.

वणीहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथल्या बोलण्यात कापसाचा भाव असतो, कोळशाचे ट्रक असतात, चुनाभट्ट्या असतात. आमची निर्गुडा वर्धेला मिळते. वर्धा पैनगंगेला सोबत घेऊन पुढे जाते, वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या पुलाखालचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच पोचतं. पाणी जात होतं, माणसं मात्र जात नव्हती. अपवाद आठवायचा तर लोकनायक बापूजी अणे यांचा. १८८० साली वणीत जन्मलेला हा माणूस १९४३ मध्ये भारताचा प्रतिनिधी म्हणून समुद्र ओलांडून सिलोनला गेला. लोकमान्यांवर त्यांनी जे संस्कृत महाकाव्य लिहिलं, त्याचं नाव ‘तिलकयशोऽर्णवः’. अर्णव म्हणजे समुद्र. वणीला समुद्र शब्दात ठाऊक होता. पोटचं पोर त्यावर पाठवून मागे राहायची सवय मात्र या गावाला नव्हती.

कोकणात ती आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्यांची माणसं पाण्यावर पोट भरत आली. तिथल्या बाईला वाट पाहण्याची रीत सासू-आजेसासूकडून आयती मिळते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, त्याला शांत हो म्हणायचं आणि घरी येऊन कामाला लागायचं. भीतीला तिथे एक दिवस नेमून दिलेला आहे. आमच्याकडे पोळ्याला बैलाची पूजा होते, नागपंचमीला वारुळाची होते. समुद्राचा सण आमच्या पंचांगात नाही. आमच्या घरातली समुद्राची भीती त्यामुळे वर्षभर मोकळी हिंडते.

पण नीट पाहिलं तर वणीला ही वाट पाहणं अगदीच परकं नाही. वणीजवळच्या राजूर कॉलरीत भूमिगत खाण होती. घरधनी खाली उतरला की पाळी सुटेपर्यंत त्याची काही खबर नसे. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान त्यातलेच. मुलगा गेल्यावर पहिल्या महिन्यात माझी बायको रोज रडायची, तेव्हा काकू येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तो खाली उतरला का मी भाकरीकडे ध्यान देत होती. त्याच्याकडे ध्यान देऊन तो काही लवकर वर येत नव्हता.” मी नौदलातल्या मुलांच्या पालकांसाठी बरंच काही वाचलं आहे. इतकं कामाचं वाक्य मला कुठे सापडलं नाही.

मुलगा अग्निपथ योजनेतून, चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ म्हणून, नौदलात गेला. आमच्याकडे पहाटे रस्त्यांवर पोरं धावताना दिसतात, त्यांत तोही होता. साडेसहा मिनिटांत १.६ किलोमीटर, मग बैठका, मग दंड. निवड झाली आणि तो ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी, आय.एन.एस. चिल्का या प्रशिक्षण केंद्रात गेला. २८ मार्च २०२३ ला तिथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, सुमारे २,६०० जणांची, आणि त्यांत २७३ मुली होत्या. आमचा मुलगा त्यानंतरच्या तुकडीतला. मुलींच्या आईबापांबद्दल मला जास्त आदर वाटतो. चार वर्षांच्या सेवेत लग्न करता येत नाही, असा नियम आहे. मुलाच्या घरी हा नियम कुणाच्या लक्षातही राहत नाही. मुलीच्या घरी प्रत्येक लग्नसराईत नातेवाईक तो काढतात. त्या आईबापांनी लेकीला पाठबळ द्यायचं म्हणजे आधी चुलत्या-मामांच्या तोंडाला तोंड द्यायचं.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो. ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

मुलगा सेलिंगला, म्हणजे जहाजाबरोबर समुद्रावर, गेला की फोन बंद. २०१९ च्या डिसेंबरात हेरगिरीच्या प्रकरणात काही नौसैनिकांना अटक झाली. त्यानंतर नौदलानं जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन व फेसबुक वापरायला बंदी घातली. जहाज बंदरात लागलं की त्याचा फोन येतो. आईचे दोन प्रश्न ठरलेले, “कुठी हायेस बाबू? जेवला काय?” पहिल्याचं उत्तर तो देत नाही. दुसऱ्याचं नेहमी एकच देतो, “हो.” तुम्ही कसे, मजेत. तू कसा, मजेत. फोन संपतो.

अशाच एका सेलिंगच्या काळात माझी आई गेली. त्याची आजी. त्याला लहानपणी जिनं सांभाळलं ती. जहाज बंदरात आलं, त्याचा फोन आला, आणि आम्ही दोघं आधीच ठरवल्याप्रमाणे काही बोललो नाही. लेकराचा जीव तिकडे, इथे येता येणार नाही, उगीच कशाला. “आजी काय करते?” असं त्यानं विचारलं. “झोपली आहे,” हे उत्तर मी दिलं. आठ दिवसांनी चुलतभावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्यानं आजीचा हार घातलेला फोटो पाहिला. त्या रात्री तो रडला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, तुमी मले पाहुणा करून टाकलं.”

पाहुण्याला आपण घरातलं दुःख सांगत नाही. त्याला बरं वाटावं म्हणून दिवाणखाना आवरतो, आतल्या खोलीचं दार ओढून घेतो. मुलाशी मी तेच केलं होतं. पुढे महिनाभरानं त्यानंही एक कबुली दिली. पहिल्या सेलिंगमध्ये चार दिवस त्याच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, उलट्यांनी अंगातलं त्राण गेलं होतं, आणि तशाच अवस्थेत त्यानं आपल्या वॉचची ड्यूटी केली. त्यानंतरच्या फोनवर आम्हाला सांगितलं होतं, मजेत. म्हणजे दोन्हीकडून आम्ही एकमेकांना जपत होतो, आणि जपता जपता दोघांमध्ये एक खोटा मुलगा आणि एक खोटं घर उभं राहिलं होतं. फोनवर बोलायचे ते हे दोघे.

माझा जिल्हा यवतमाळ आहे, म्हणून ही गोष्ट मला घरगुती चूक म्हणून सोडून देता येत नाही. या जिल्ह्यानं शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. त्या घरांत नंतर ऐकू येणारं एक वाक्य इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, “आम्हाले तं कर्जाचा आकडाच माहीत नव्हता.” कर्त्या माणसानं बायकोला सांगितलं नव्हतं, मुलांना सांगितलं नव्हतं. का? त्यांना त्रास नको म्हणून. त्या मरणांची कारणं मोठी आहेत. भाव, पाऊस, सावकार, बँक. पण माणूस शेवटी एकटा पडतो तो या प्रेमाच्या लपवालपवीनं. मायेनं लपवण्याची ही आमची सवय आम्ही मुलाच्या पाठोपाठ जहाजावरही पाठवली. ज्याच्या भोवती चारी बाजूंना पाणी आहे त्याला आणखी एकटं करायला आम्हीच हातभार लावला.

तेव्हा माझं मत असं झालं आहे. नौदलातल्या मुलाला घरानं द्यायचा आधार म्हणजे दोन उलट्या सवयी एकत्र पाळणं. त्याच्या बाजूचं विचारू नये. आपल्या बाजूचं लपवू नये. कुठे आहेस, कुठे चाललास, कधी परत येणार, हे प्रश्न प्रेमाचे असले तरी त्याला खोटं बोलायला किंवा गप्प बसायला लावतात. त्याच्या नोकरीतलं मौन हे कर्तव्य आहे, ते आपण मान्य करायचं. आणि आपल्या घराला असं कुठलंही कर्तव्य नाही, म्हणून घरानं पूर्ण खरं बोलायचं. कापूस पावसात भिजला, काकाशी वाद झाला, आईची शुगर वाढली, सगळं. यानं त्याला काळजी लागेल. लागू दे. काळजी करण्याचा हक्क घरातल्या माणसाचाच असतो.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. जहाजावरच्या माणसाचं लक्ष कामात हवं, घरची वाईट बातमी ऐकून हात चुकला तर? मी यावर खूप विचार केला. बातमी कधी आणि कशी सांगायची याचं तारतम्य लागतंच. उद्या सकाळी जहाज सुटणार असताना रात्री अकराला फोनवर रडू नये. पण ‘योग्य वेळी सांगू’ आणि ‘सांगायलाच नको’ यांत फरक आहे, आणि आम्ही पहिल्याच्या नावाखाली दुसरं करत होतो. शिवाय घरचे खरं सांगत नाहीत हे एकदा कळलं की ‘सगळं ठीक आहे’ या शब्दांवरून त्याचा विश्वास उडतो. मग सगळं खरंच ठीक असतानाही तो काळजीत राहतो. लक्ष त्यानं जास्त चुकतं.

धोक्याबद्दलही घरात खरं बोललं पाहिजे. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा आय.एन.एस. विशाखापट्टणमवरचे नौसैनिक ती विझवायला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आय.एन.एस. कोलकातानं सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणलं आणि १७ खलाशांना सोडवलं. टीव्हीवर या बातम्या अभिमानानं चालल्या. ज्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या जहाजावर आहेत ती घरं त्या बातम्या पोटात गोळा घेऊन बघतात. आमचा मुलगा त्या वेळी कुठे होता ते मी इथे लिहिणार नाही. आणि ९ डिसेंबर १९७१ विसरता येत नाही. दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत समुद्रात राहिले. हे आम्ही घरात बसून वाचलं, एकमेकांना मोठ्यानं. बायको म्हणाली, आता निदान मी कशाला भिते ते तरी मला कळलं. त्यानंतर तिला झोप जरा बरी लागते.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी अग्निवीराचं वेतन महिना ३०,००० असतं, त्यातले २१,००० हातात येतात, बाकी सेवानिधीत जमा होतात. चार वर्षांनंतर फार तर चारातला एक पुढे कायम होतो. उरलेले तिघे विशीच्या आसपास, सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी येतात. असं असताना त्याच्या पगारावर प्लॉटचे हप्ते बांधणारे बाप मी वणीत पाहतो. त्यांच्या गरजा खऱ्या आहेत, मी त्यांना दोष देत नाही. तरी सांगतो, नका करू. चौथ्या वर्षी घरी येणाऱ्या मुलाला उंबऱ्यात आधी हप्त्याचं पुस्तक दिसू नये.

शेवटी गावाबद्दल. मुलगा निघाला तेव्हा वॉर्डातल्यांनी हार घातले, फोटो काढले, फटाके वाजवले. मला त्याचं अप्रूप होतं आणि आजही आहे. पण सेलिंगच्या विसाव्या दिवशी, फोन नाही, बातमी नाही, अशा संध्याकाळी आमच्या अंगणात फक्त काकू येतात. यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, कागदपत्रांची मदत तिथून होते. अंगणात येऊन बसण्याचं काम मात्र शेजाऱ्यांचंच आहे. तुमच्या गल्लीत असं घर असेल तर तिथे जा. पोरगा कुठे आहे हे विचारू नका, त्यांना ते माहीत नसतं, किंवा सांगायचं नसतं. त्याच्या जहाजाचं नाव, तारखा, बंदर, काहीही तुमच्या स्टेटसला टाकू नका. तूर निवडत असतील तर तुम्हीही एक सूप पुढे ओढा.

या खेपेचं पार्सल मी सोमवारी टाकलं. आत जवसाची चटणी आहे आणि दोन पानांचं पत्र. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात चंद्रपूरला ऑपरेशन करायचं ठरलं आहे, आणि मला थोडी भीती वाटते.