रोग्याचा अधिकार आणि निरोग्याचे कर्तव्य

मनुष्य निरोगी असतो तोवर आरोग्य ही त्याला स्वतःची मिळकत वाटते. अंथरूण धरल्यावर मात्र ते किती जणांच्या हाती होते, हे त्याच्या ध्यानी येते. औषध तयार करणारा, ते देणारा, रात्रभर उशाशी बसणारा, गावचे पाणी शुद्ध राखणारा, रस्ता झाडणारा, अशा अनेकांच्या कर्मावर एका देहाचे स्वास्थ्य उभे असते. यास्तव उपचार हा रोग्याचा अधिकार आहे की इतरांची कृपा, हा प्रश्न केवळ शासनाचा वा न्यायालयाचा नव्हे. तो प्रत्येक गृहस्थाच्या उंबरठ्यावर आज ना उद्या येणारच आहे.

हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे एका घटनेवरून दिसेल. १९९२ सालच्या जुलै महिन्यात पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरविण्यात आले. कोठे खाट रिकामी नव्हती, कोठे उपचाराची साधने नव्हती. अखेरीस एका खासगी रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. शेतमजुराच्या घरी एवढी रक्कम कोठून यावी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने संकटसमयी उपचार न देणे म्हणजे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भंग होय, आणि पैशाची अडचण सांगून राज्याला या कर्तव्यातून सुटता येणार नाही. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई देवविण्यात आली.

तथापि न्यायालयाचा निर्णय झाला म्हणून विचारी मनाच्या शंका मिटत नाहीत. त्यांतील पहिली शंका आपल्या संस्कारातूनच उठते. कर्तव्याची शिकवण घेऊन वाढलेल्या गृहस्थास ‘अधिकार’ हा शब्द खटकतो. प्रत्येक जण मागू लागला तर देणार कोण, असे तो विचारतो. परंतु हा शब्द आपल्याला परका नाही. गीतेतही तो आला आहे, आणि तेथे तो कर्माशी जोडलेला आहे, फळाशी नव्हे. हाच विवेक येथे उपयोगी पडतो. रोगमुक्तीची हमी कोणताही वैद्य देऊ शकत नाही, म्हणून बरे होण्याचा अधिकार कोणासही सांगता येणार नाही. प्रामाणिक, वेळेवर आणि शक्य तितका चांगला प्रयत्न मात्र मागता येतो. रोग्याचा अधिकार त्या प्रयत्नावर आहे.

आणि हा अधिकार कर्तव्याचा वैरी नाही. ऋणको आणि धनको यांच्यात रक्कम एकच असते. एकाकडे ती देणे असते, दुसऱ्याकडे येणे. निरोग्याने ज्याला कर्तव्य म्हणावे, त्यालाच रोग्याने अधिकार म्हणावे. केवळ कर्तव्याची भाषा राहिली तर देणाऱ्याच्या मनात उपकाराचा अहंकार शिरतो आणि घेणारा मान खाली घालून दारोदार फिरतो. केवळ अधिकाराची भाषा राहिली तर सर्व जण हात पसरून उभे राहतात, देणारा हात दिसत नाही. दोन्ही एकत्र असतील तरच व्यवहार पुरा होतो.

दुसरी शंका वैद्यांची आहे आणि ती न्याय्य आहे. रोग्याचा अधिकार मान्य केला तर वैद्याने फुकट राबावे काय? २०२३ साली राजस्थानने आरोग्याच्या अधिकाराचा कायदा केला, तेव्हा खासगी डॉक्टरांनी तीव्र विरोध केला. तातडीच्या उपचाराचे पैसे कोण व केव्हा देणार, हा त्यांचा एक मुख्य प्रश्न होता. याचे उत्तर असे की, हा अधिकार एकट्या वैद्याविरुद्ध नाही, तो सर्व समाजाकडे आहे. दारी आलेल्या जखमीस हात लावणे हे वैद्याचे कर्तव्य, आणि त्या श्रमांचे मोल वेळेवर चुकते करणे हे समाजाचे कर्तव्य. पहिले आग्रहाने मागावे आणि दुसरे विसरावे, हा अधर्मच होय.

आता खर्चाचा विचार. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले होते. त्या मार्गावर काही वाटचाल झाली आहे. २०१३-१४ साली देशातील आरोग्यावरील एकूण खर्चाच्या शंभर रुपयांपैकी ६४ रुपये लोकांना थेट स्वतःच्या खिशातून द्यावे लागत; २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. परंतु मधुमेह वा रक्तदाब यांसाठी आयुष्यभर घ्यावी लागणारी रोजची औषधे मुख्यतः घरखर्चातूनच येतात. गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारा वृद्ध रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदीत दिसत नाही. त्याची हानी मात्र खरी असते.

खर्च कमी करायचा तर गुणवत्ता घसरणारच, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ही समजूत खोटी पाडली आहे. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्या हातांनी ते शस्त्रक्रिया करीत. तेथे पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांचा खर्च भागविला जातो. खोलीच्या सुखसोयींत फरक असतो, शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत नसतो. परदेशी भिंगे महाग पडतात असे दिसल्यावर १९९२ पासून संस्थेने स्वतःच भिंगे बनविण्यास आरंभ केला आणि किंमत पुष्कळ खाली आणली. उपचारात भेद न करता सोयीत भेद ठेवता येतो, हा यातील बोध आहे. गरिबासाठी निकृष्ट औषध आणि धनिकासाठी उत्कृष्ट औषध, ही वाटणी मात्र कोणत्याही धर्मास मान्य होणार नाही.

गुणवत्तेचा विचार आपल्या पूर्वजांनीही केला होता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. उत्तम उपचारासाठी या चौघांच्याही अंगी गुण हवेत. रोगीदेखील त्या चौघांत आहे, हे विसरता कामा नये. आजार लपविणारा, सर्दीसाठीही सुई टोचण्याचा हट्ट धरणारा, दोन दिवसांत बरे वाटताच औषध सोडणारा रोगी स्वतःच्या अधिकाराची स्वतःच हानी करतो. विनाकारण तपासण्या लिहून देणारा वैद्य जितका दोषी, तितकाच, तपासण्या थोड्या सांगितल्या म्हणून वैद्यास कमी लेखणारा गृहस्थही दोषी होय.

शेवटी प्रश्न गृहस्थापाशीच येतो. घरात धुणीभांडी करणारी बाई तापाने चार दिवस आली नाही, तर तिच्या पगारातून चार दिवस कापले जातात की तिच्या औषधाची चौकशी होते? गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषध नाही, हे ठाऊक असूनही, आपल्याला शहरात जाता येते म्हणून सुस्थितीतील कुटुंबे गप्प बसतात काय? कर चुकविण्यात चातुर्य मानणाऱ्याने सरकारी रुग्णालयाच्या दुर्दशेबद्दल बोलावे काय? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु राज्य म्हणजे शेवटी याच गृहस्थांचा समुदाय.

त्या रात्री खाट शोधत फिरलेल्या मजुरास कोणाची दया नको होती, एक उघडे दार हवे होते. ते दार उघडे राहण्यासाठी आज जो निरोगी आहे त्याने आपला वाटा द्यावा. उद्या तो स्वतः त्या दारी येईल तेव्हा त्याला हात जोडावे लागणार नाहीत.