आई, तुम्ही बाहेर थांबा

बीडकडचा सात वर्षांचा मुलगा. रक्ताचा कॅन्सर. पाठीतलं पाणी काढायची त्याची चौथी वेळ दुसऱ्या दिवशी होती. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात मी आठवड्यातून दोनदा जाते. गोष्टी सांगते, मुलांसोबत चित्रं काढते. त्या दिवशी त्याच्यासमोर चिंध्यांच्या दोन बाहुल्या ठेवल्या. सोबत सुई काढलेली सिरिंज, कापूस आणि चिकटपट्टी.

त्याने छोटी बाहुली कुशीवर वळवली, तिचे गुडघे पोटाशी दुमडले आणि कापसाने पाठ पुसली. सगळं अगदी बरोबर. मग तो थांबला. मोठी बाहुली उचलून त्याने कॉटच्या पार टोकाला नेऊन ठेवली आणि सिस्टरच्या आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही बाहेर थांबा." त्याची आई शेजारीच चादरीची घडी घालत होती. तिचे हात तिथेच थांबले.

आपल्याकडच्या वॉर्डात आई असतेच. कॉटखाली चटई टाकून झोपते, रात्री सलाइनची बाटली संपत आली की सिस्टरला उठवते, लघवीचं भांडं धुते, रिपोर्ट आणायला चार मजले उतरते. सिस्टर कमी, मावशी कमी, म्हणून आई लागते. पण जेव्हा मुलाला तिची खरी गरज असते, सुई आत जाते त्या दोन मिनिटांना, तेव्हा तिला दाराबाहेर काढतात. मुलाला दोघं-तिघं धरतात. दारामागून किंकाळी ऐकू येते आणि आई भिंतीला डोकं टेकून उभी असते.

इंग्लंडमध्ये सत्तर वर्षांपूर्वी याच्या उलट चित्र होतं. तिथे आईला वॉर्डात राहूच देत नसत, भेटीच्या ठरावीक वेळेपुरतं यायचं. आई आली की मूल रडतं, म्हणून ती न आलेलीच बरी, असा डॉक्टरांचा समज होता. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला हे पटेना. युद्धकाळात अॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात तो बॉयलर सांभाळायला लागला होता. तिथे आईवेगळ्या मुलांकडे बघायला शिकला आणि पुढे जॉन बोल्बी यांच्यासोबत संशोधनाला लागला. 1952 साली आलेल्या त्याच्या चित्रपटात एका सुमारे अडीच वर्षांच्या मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस आहेत. मुलगी फारशी रडत नाही. गप्प असते, मध्येच चेहरा आक्रसतो, आई आली की तोंड फिरवते. डॉक्टरांना तो दाखवला तेव्हा अनेकजण चिडले. रॉबर्टसनचं म्हणणं सरळ होतं: मूल शांत झालं म्हणजे रुळलं असं नाही. आधी ते आकांत करतं, मग खचतं, मग नातं तोडल्यासारखं वागू लागतं. 1959 साली तिथल्या प्लॅट समितीने शिफारस केली की आईवडिलांना केव्हाही भेटू द्या, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या.

त्यांना समिती नेमून जे मिळवावं लागलं, ते आपल्याकडे मनुष्यबळाच्या टंचाईने आयतं दिलं. आणि आपण त्याचं सोनं केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तान्ह्या बाळाला टोचताना आईने अंगावर पाजलं तर त्याला कमी दुखतं, हे सिद्ध झालेलं आहे. मोठ्या मुलाला पालथं दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर, छातीशी घट्ट बसवूनही हाताची शीर सापडते. टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावता येतं. यासाठी मशीन लागत नाही, लागते ती दहा मिनिटं जास्त थांबण्याची तयारी. गर्दीच्या वॉर्डात ती दहा मिनिटं सोपी नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका सिस्टरच्या वाट्याला किती कॉट असतात, हेही पाहिलं आहे. तरीही ती काढायला हवीत. कारण या आजाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिल्याच आठवड्यात भेदरलेलं मूल पुढे प्रत्येक वेळी वॉर्डाच्या दारातच हातपाय ताठ करतं.

दुसरी गोष्ट खोट्याची. "मुलांना काय कळतंय" हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ल्युकेमियाच्या वॉर्डात तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत राहिल्या. त्यांचं पुस्तक 1978 साली आलं. त्या काळी यातली बहुतेक मुलं दगावत आणि त्यांना कुणी काही सांगत नसे. तरी मुलांना सगळं कळलं होतं. औषधांची नावं, शेजारच्या कॉटवरचं मूल परत का आलं नाही, आपलं पुढे काय होणार, सगळं. आणि आपल्याला कळलं आहे हे ती आईबाबांपासून लपवत होती, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

आज काळ बदलला आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर नीट उपचार पूर्ण झाले तर बहुतेकांचा बरा होतो. पण लपवाछपवी तशीच आहे. "मुंगी चावल्यासारखं होईल," म्हणतो आपण. मुंगी चावत नाही, सुई टोचते, आणि आईचा शब्द खोटा ठरतो. त्याऐवजी दुखेल, मी दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, रडलास तरी चालेल, फक्त हलू नकोस, एवढं सांगितलं तर मूल तयारी करतं. बाहुलीचा खेळ त्यासाठीच असतो. हे काम 1955 साली क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक यांनी रीतसर सुरू केलं. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी परंपरेतल्या शिक्षिका. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्याच परंपरेतून बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल, हा त्यांचा विचार. तो वॉर्डाच्या दारापर्यंत आपण अजून पुरता नेलेला नाही.

आणि आईचं काय? गावी नवरा मजुरीवर, धाकटी मुलगी आजीकडे. सासरचे विचारतात, पोटुशी असताना काय खाल्लंस? डॉक्टर रक्तपेशींचे काउंट सांगतात. ते वाढले की ती हसते, कमी झाले की जेवत नाही. तिच्याशी तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. राहायला जागा नाही, म्हणून उपचार मध्येच सोडून गावी परतलेली कुटुंबं आहेत. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा किंवा 2006 पासून अशा कुटुंबांना मोफत घर देणारी सेंट ज्यूड केंद्रं औषधाइतकीच महत्त्वाची आहेत ती यासाठी. तिथे सामाईक स्वयंपाकघर असतं. जळगावची बाई बिहारच्या बाईला भाकरी थापायला शिकवते आणि पीठ मळता मळता दोघी जे बोलतात, ते कुठल्याही समुपदेशकापाशी बोलल्या नसत्या.

रुग्णालयातून घरी सोडण्याला आपण 'सुट्टी' म्हणतो. दिवाळी जवळ आली की वॉर्डात सगळी मुलं एकच विचारतात: सुट्टी कधी? याच दिवसांत बाहेरून माणसं येतात, फराळ वाटतात, टक्कल पडलेल्या मुलांसोबत फोटो काढतात. काउंट कमी असलेल्या मुलाला तो लाडू खाता येत नाही. तो उशाशी ठेवून बघत बसतो.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आधी सिस्टरला विचारा काय चालेल, फोटो काढू नका, आईशेजारी थोडा वेळ बसा आणि गावी राहिलेल्या भावंडासाठी काहीतरी न्या. आणि घरी मूल जेवत नसेल, तर "डॉक्टरकाका सुई टोचतील" अशी भीती त्याला घालू नका.