सायकलीचा नेम आणि गृहस्थधर्म

महिनाभरात ठरावीक किलोमीटर सायकल चालवण्याचे ‘स्ट्राव्हा’सारख्या अ‍ॅपवरील आव्हान व्रतासारखेच असते: संकल्प, मुदत, रोजची नोंद. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याने त्यासाठी घरच्यांचा वेळ घ्यावा का, हा खरा प्रश्न. त्यासाठी श्रद्धेची एक वेगळी तऱ्हा पाहा: वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. लेकरे कडेवर, शिदोरी सोबत. ही श्रद्धा घराला बरोबर घेऊन चालते. अ‍ॅप मात्र एकट्याचेच अंतर मोजते. गीतेचा सहावा अध्याय आहार, विहार, कर्म आणि झोप यांत माफकपणा सांगतो. त्या कसोटीवर, चैत्राचे ऊन चढण्याआधी किंवा कामावर जाता-येता मारलेली फेरी योग्यच. महिनाअखेरीस उरलेले किलोमीटर भरण्यासाठी ताप आलेल्या मुलाला सोडून निघणे मात्र अधर्म.